हायवेवर एक्झिटच्या पाट्या वाचताना तुमचाही असा गोंधळ होतो का?

भिंगरी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, परवाच्या प्रसंगानंतर आता लिहूनच टाकते. मला गाडी चालवायला लागून सात वर्षं झाली, हायवेची भीती अशी नाही, लेन पाळते, आरसे बघते, पण मोठा इंटरचेंज (दोन हायवे एकमेकांना मिळतात ती जागा) जवळ आला आणि रस्त्यावर आडव्या टांगलेल्या त्या मोठाल्या पाट्या दिसायला लागल्या की अजूनही छातीत धस्स होतं.

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास मी आणि बाबा येत होतो. एका बाजूला चार लेन, मी आतून दुसऱ्या लेनमध्ये, वेग शंभरच्या आसपास. वर पाटी आली, तिच्यावर तीन नावं आणि तिन्ही लांबची मोठी शहरं, आम्हाला जायचं त्या गावाचं नाव त्यात नाहीच. दोन बाण खाली बघणारे, एक तिरका वर. म्हटलं पुढच्या पाटीवर येईल नाव. आलं, पण तोवर फाटा जेमतेम दोन-अडीचशे मीटरवर आणि एक्झिटची लेन माझ्यापासून दोन लेन पलीकडे, मधे एक कंटेनर. बाबा म्हणाले "अगं हीच, हीच, घे!" आणि माझा हात वळलासुद्धा, इंडिकेटर न देता. मागून इतका लांब हॉर्न आला की मी दचकून गाडी परत सरळ केली. पुढे जाऊन वळून यायला बावीस किलोमीटर जास्त पडले, त्याचं काही नाही, पण घरी पोचल्यावर अर्धा तास हात थरथरत होते.

पाटीवरचा एकही शब्द चुकीचा नव्हता हे मला नंतर जास्त खुपलं. सगळं बरोबर लिहिलेलं असून मला वेळेवर कळलं नाही. तर तुम्ही लोक या पाट्या कशा वाचता? आधी नाव, आधी बाण, की आधी नंबर? आणि हो, दोन किलोमीटर आधी एक पाटी असते म्हणतात ना, ती त्या रस्त्यावर नव्हतीच, मला पक्कं आठवतंय.

चौथा गिअर

भिंगरी, तुम्ही परत सरळ गेलात हे फार बरं केलंत, सगळ्यात आधी ते.

आता जरा हिशोब करून बघा म्हणजे धस्स का होतं ते कळेल. शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण २८ मीटर जाते. पाटीवरची अक्षरं किती लांबून वाचता येतात याचा अमेरिकेतल्या पाट्यांच्या नियमावलीत एक ठोकताळा आहे, अक्षराच्या उंचीच्या दर इंचामागे ३० फूट. म्हणजे १६ इंची अक्षर साधारण ४८० फुटांवरून वाचता येईल, १४६ मीटर धरा. २८ ने भागा, पाच सेकंद आणि थोडं वर. त्या पाच सेकंदांत तीन नावं वाचायची, बाण बघायचे, आपली लेन कोणती ते ठरवायचं, आणि यातला निम्मा वेळ नजर पुढच्या गाडीवर असायला हवी. मग आरसा, मग खांद्यावरून मागे नजर, मग इंडिकेटर, मग एक लेन, मग परत तेच सगळं दुसऱ्या लेनसाठी. होऊच शकत नाही. फाट्यावरची पाटी वाचून लेन बदलायची असं जो ठरवतो तो आधीच उशिरा आहे.

म्हणून माझी पद्धत अशी की फाट्यावरची पाटी ही फक्त खात्री करायला, काम करायचं ते आधीच्या पाटीवर. मोठ्या इंटरचेंजला अमेरिकेत दोन मैल, एक मैल, अर्धा मैल अशा तीनदा पाट्या लावायची पद्धत आहे. जर्मनीत दोन ऑटोबान, म्हणजे तिथले हायवे, एकमेकांना मिळतात तिथे २००० मीटरवर पहिली. दोन किलोमीटर म्हणजे शंभरच्या वेगाला बहात्तर सेकंद मिळतात, त्यात दोन काय तीन लेनही निवांत बदलता येतात. तुमच्या रस्त्यावर ती पाटी असायला हवी. एकदा परत बघा, असं नसतं सहसा.

भिंगरी

नव्हती हो. बाबांनाही विचारलं, त्यांनीही बघितली नाही.

सांजवात

मला एक वेगळंच सांगायचंय, एक्झिट चुकल्यानंतरचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघं जात होतो, पाऊस नुकताच थांबलेला, आणि पुढची पांढरी गाडी फाटा ओलांडून पंधरा-वीस मीटर पुढे गेली आणि थांबली. थांबली म्हणजे हायवेवर, एक्झिट आणि मुख्य रस्ता यांच्या मधल्या त्या तिरप्या रेघांच्या त्रिकोणात. आणि मग तिचे मागचे पांढरे दिवे लागले. रिव्हर्स. नवऱ्याने ब्रेक दाबला, गाडी घसरली, डावीकडे कोणी नव्हतं म्हणून आम्ही आज आहोत. मागच्या सीटवर मुलं होती, धाकटीने पुढे कित्येक महिने हायवेवर गाडी हळू झाली की "आई ती गाडी मागे येतेय का" असं विचारलं.

त्या त्रिकोणात थांबणाऱ्या माणसाला वाटतं आपण बाजूला उभे आहोत. बाजूला कुठे? दोन्हीकडून भरधाव गाड्या आणि मधे तुम्ही, आणि जो दुसरा तुमच्यासारखाच शेवटच्या क्षणी कट मारणार असतो तो नेमका त्याच त्रिकोणावरून येणार असतो. एक्झिट चुकली की चुकली. पुढची घ्या. बावीस किलोमीटर म्हणजे वीस मिनिटं.

गाडीवाला बंड्या

सांजवात, शंभर टक्के सहमत. मी तर घरातून निघतानाच सोबतच्यांना सांगून ठेवतो की एक्झिट चुकली तर कोणी ओरडायचं नाही. आमच्याकडे याच्यावरून भांडणं झालीयत म्हणून सांगतोय. ओरडणाऱ्या माणसामुळे चालवणाऱ्याचा हात वळतो.

खांबावरची पाटी

माझा पाट्यांचा जरा अभ्यास आहे, नोकरीचा नाही, आवडीचा, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

भिंगरी यांनी बाणांचं लिहिलंय त्याच्यावर आधी. खाली बघणारा बाण म्हणजे "या बाणाखालची लेन तिकडे जाते". तिरका वर जाणारा बाण म्हणजे "इथे रस्ता फुटतोय, या दिशेने बाहेर". हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा गोंधळ जातो. उरलेला अर्धा असतो तो मधल्या लेनचा, जिच्यातून सरळही जाता येतं आणि बाहेरही पडता येतं. जुन्या पद्धतीत तिच्यावर कधी दोन पाट्यांचे दोन बाण शेजारी शेजारी यायचे, कधी एकच यायचा, आणि माणूस उगाच घाबरून एक लेन जास्त ओलांडायचा. अमेरिकेने २००९ च्या नियमावलीत यासाठी वेगळी पाटी आणली, प्रत्येक लेनवर तिचा स्वतःचा वर जाणारा बाण, आणि मधल्या लेनच्या बाणाला दोन फाटे. बघताक्षणी कळतं. पिवळ्या पट्टीवर काळ्या अक्षरात "फक्त एक्झिट" असं असेल तर ती लेन पुढे एक्झिटलाच जाते, सरळ जायचं असेल तर आधीच ती लेन सोडा. आणि एक्झिट नंबरची ती छोटी पट्टी पाटीच्या ज्या टोकाला बसवलेली असते त्याच बाजूला एक्झिट असते, हे खूप लोकांना माहीतच नसतं. नेहमीपेक्षा उलट्या बाजूला एक्झिट असेल तर तिथे पिवळ्यावर "डावीकडे" असंही लिहितात.

आता "सगळं बरोबर लिहिलेलं असून कळलं नाही" हे जे वाक्य आहे ना, त्याच्यावर ब्रिटनमध्ये १९५७ पासून काम झालंय. तिथला पहिला मोटरवे, म्हणजे हायवे, १९५८ मध्ये उघडला, प्रेस्टनचा बायपास, आणि त्याच्यासाठी पाट्या केल्या जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोन डिझायनरांनी. त्यांनी पाटीचा आकार आधी ठरवून त्यात नावं कोंबली नाहीत. आधी अक्षर किती मोठं हवं ते ठरवलं, अक्षरांभोवती मोकळी जागा किती ते ठरवलं, आणि त्यातून पाटी जेवढी होईल तेवढी होऊ दिली. त्या पाट्या म्हणजे छोटे नकाशेच आहेत, मुख्य रस्त्याची रेघ जाड, फुटणाऱ्या छोट्या रस्त्याची बारीक, त्यामुळे नाव वाचायच्या आधी आकार कळतो. पुढे वॉरबॉईज या सरकारी समितीने १९६३ मध्ये हीच पद्धत इतर सगळ्या रस्त्यांसाठी सुचवली आणि ती आजतागायत चालू आहे.

अक्षरांचंही सोपं नाही बरं का. अमेरिकेत क्लिअरव्ह्यू नावाचं अक्षरवळण रात्री जास्त नीट वाचता यावं, विशेषतः वय झालेल्या ड्रायव्हरना, म्हणून तयार केलं, २००४ मध्ये त्याला तात्पुरती परवानगी मिळाली, २०१६ मध्ये काढून घेतली, २०१८ मध्ये परत दिली. एका फॉन्टवरून चौदा वर्षं ये-जा चालली, कारण एक-दीड सेकंद आधी वाचता येणं म्हणजे रस्त्यावर तीस-चाळीस मीटर असतात.

भिंगरी

बाणांचं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं! लायसन्सच्या परीक्षेत गोल आणि त्रिकोणी चिन्हं घोकली, या मोठ्या पाट्यांबद्दल एक प्रश्न नव्हता. नंबरच्या पट्टीचं तर आज पहिल्यांदा ऐकतेय. धन्यवाद, वाचनखूण साठवली.

वेगळा विचार

धागा चांगला आहे, पण मला खरंच कळत नाही, आजच्या काळात पाट्या वाचायच्याच कशाला? मोबाइलवर मॅप लावला की बाई बोलतेच ना कुठे वळायचं ते. मी गेली पाच वर्षं पाट्यांकडे बघितलेलं नाही.

चौथा गिअर

अहो, पाट्यांकडे न बघता चालवणं ही अभिमानाने सांगायची गोष्ट नाही हो. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली चांगला चालला तरी साधारण पाच मीटर इकडेतिकडे असतो. हायवेची एक लेन साडेतीन-पावणेचार मीटर. म्हणजे तुम्ही कोणत्या लेनमध्ये आहात हे त्या बाईला बहुतेक वेळा माहीतच नसतं. आणि उड्डाणपुलावर आहात की पुलाखालच्या रस्त्यावर, तिथेही ती गडबडते, कारण नकाशात दोन्ही एकावर एक.

दुसरं म्हणजे "उजवीकडे रहा" आणि "उजवीकडे बाहेर पडा" यातला फरक. जिथे एका एक्झिटला पुढे लगेच दोन फाटे फुटतात तिथे ती पहिल्या फाट्याचं सांगतेय की दुसऱ्याचं हे कळेपर्यंत तुम्ही पुढे गेलेले असता. मी मॅप लावतोच, नाही म्हणत नाही, ट्रॅफिक कळायला त्याच्यासारखं काही नाही. पण एक्झिटचा नंबर त्याच्यातून घेतो आणि तो नंबर पाटीवर शोधतो.

वेगळा विचार

पाच मीटरचं आणि लेनचं असं जोडून कधी बघितलं नव्हतं. मान्य. पण मग ज्या रस्त्यावर पाटीच धड नसते तिथे काय करायचं? तिथे मॅपच कामाला येतो. भिंगरीताईंच्या केसमध्ये मॅप असता तर दोन किलोमीटर आधी बोलला असता.

भिंगरी

हे बरोबर आहे. मी लावला नव्हता, रस्ता माहितीचा आहे असं वाटत होतं. दिवसा चार-पाच वेळा गेलेय, पण दर वेळी शेजारच्या सीटवर बसून.

लांबगाडी

मी चौदा वर्षं ट्रेलर चालवतोय, लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही कारवाले एक गोष्ट ध्यानात घेत नाही. पाटी दिसली नाही म्हणता तेव्हा अर्ध्या वेळी ती आमच्यामुळे दिसलेली नसते. रस्त्याच्या कडेला खांबावर जी पाटी असते ती आमच्या गाडीच्या आड जाते, तुम्ही आमच्या बरोबरीने चालत राहिलात तर तीन-चार सेकंद तुम्हाला कडेचं काहीच दिसत नाही. त्या तीन सेकंदांत पाटी येऊन जाते. म्हणून फाटा जवळ आलाय असं वाटलं की ट्रेलरच्या बाजूला चालू नका. एक तर ओलांडून चांगलं पुढे जा, नाहीतर मागे राहा, आणि मागे राहायचं तर इतकं अंतर ठेवा की आमचे आरसे तुम्हाला दिसतील. तुम्हाला आमचे आरसे दिसत नसतील तर आम्हाला तुम्ही दिसत नाही.

आणि एक हात जोडून सांगतो, आम्हाला ओलांडून आमच्याच नाकासमोरून एक्झिट घेऊ नका. भरलेली गाडी कारसारखी थांबत नाही. मी ब्रेक मारला तर माझा माल पुढे येतो, आणि नाही मारला तर तुम्ही. ताईंचा तो कंटेनरवाला, ताई परत सरळ झाल्या तेव्हा त्याने देवाचे आभार मानले असतील.

आम्ही लोक पाट्या कशा लक्षात ठेवतो सांगू? नावाने नाहीच ठेवत. नंबरने आणि आधीच्या खुणेने. ह्या एक्झिटच्या आधी कोणता पूल लागतो, कोणती नदी लागते, ते लागलं की लेन धरायची. नवीन रूटला निघायच्या आधी जुन्या ड्रायव्हरला फोन करून विचारतो, कुठली लेन आणि किती आधी. गाव कोणी विचारत नाही.

सांजवात

लांबगाडी दादा, असेच लिहीत राहा. आरशांचं मुलांना वाचून दाखवलं.

दूरवर

मी गेली अकरा वर्षं वेगवेगळ्या देशांत गाडी चालवलीय कामानिमित्त, त्यामुळे जरा रंगांचं सांगतो कारण भाड्याची गाडी घेणारे यात हमखास अडकतात. जर्मनीत ऑटोबानची पाटी निळी, बाकी मोठ्या रस्त्यांची पिवळी. सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला गेलात की मोटरवे हिरवा आणि बाकीचे मोठे रस्ते निळे, इटलीतही तसंच. फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये परत मोटरवे निळा आणि हिरवा म्हणजे त्याच्या खालच्या दर्जाचे मुख्य रस्ते. म्हणजे डोळ्यांना "निळं म्हणजे हायवे" अशी सवय लागलेला माणूस सीमेपलीकडे गेला की निळ्या पाटीमागे जाऊन हायवेवरून उतरतो. मी उतरलोय, दोनदा.

एक्झिट या शब्दाचंही तेच. आउसफार्ट, सोर्ती, उशिता, सालिदा. जर्मनीत पहिल्या दिवशी शेजारी बसलेला सहकारी "हे आउसफार्ट गाव किती मोठं आहे, सगळीकडून रस्ता जातो" म्हणाला, तो मनापासून विचारत होता. नवीन देशात जाण्यापूर्वी मी पाच-सहा शब्द आणि रंग लिहून डॅशबोर्डवर चिकटवतो.

जर्मनीतलं आणि ब्रिटनमधलं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे एक्झिटच्या आधी कडेला उभे असलेले तिरप्या पट्ट्यांचे छोटे फलक. तीन पट्ट्या, मग दोन, मग एक. जर्मनीत ३००, २००, १०० मीटर, ब्रिटनमध्ये तेवढेच यार्ड. वाचायचं काही नाही, मोजायचंही नाही, नुसतं कोपऱ्यातून दिसतं आणि पायाला आपोआप कळतं की आता वेग कमी.

नंबरांचंही सांगून टाकतो. दोन पद्धती असतात, एक ओळीने १, २, ३ आणि दुसरी अंतराप्रमाणे, म्हणजे ४७ किलोमीटरच्या किंवा मैलाच्या दगडापाशी असेल तर एक्झिट ४७. दुसरी चांगली, कारण आत्ता ३५ ला असाल तर १२ उरले हे लगेच कळतं. मॅसॅच्युसेट्सने २०२० मध्ये सगळे नंबर बदलून अंतराप्रमाणे करायला घेतले आणि लोक गोंधळू नयेत म्हणून पाट्यांना "जुना नंबर अमुक" अशी छोटी पट्टी लावली. एकाच ठिकाणी दोन-तीन एक्झिट असतील तर ४७ ए, ४७ बी. पण उलट दिशेने येताना बऱ्याच ठिकाणी आधी बी लागते आणि मग ए, हे लक्षात ठेवा, ए नंतर बी येईल म्हणून बसलात तर गेलात पुढे.

खांबावरची पाटी

दूरवर, छान लिहिलंत. दिशांच्या गोंधळाचा सगळ्यात टोकाचा नमुना माझ्या माहितीत व्हर्जिनियातला, वाइदव्हिलजवळ. तिथे इंटरस्टेट (अमेरिकेतले राज्याराज्यांतून जाणारे हायवे) ७७ आणि ८१ काही अंतर एकाच रस्त्यावरून जातात आणि एकाच लेनमध्ये तुम्ही एकाच वेळी "७७ उत्तर" आणि "८१ दक्षिण" असता, आणि गाडीचं तोंड असतं साधारण पश्चिमेला. पाट्या खोटं बोलत नाहीत, प्रत्येक रस्त्याची एकंदर दिशा तीच आहे. पण होकायंत्र बघून चालवणाऱ्याने तिथे काय करायचं?

आणि भिंगरी यांनी म्हटलं की आपलं नाव पाटीवर नव्हतं, त्यावरून लॉस एंजेलिसची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रिचर्ड अँक्रम नावाचे कलाकार. तिथल्या ११० नंबरच्या फ्रीवेवरून इंटरस्टेट ५ उत्तरेकडे कुठे घ्यायचा हे वरच्या पाटीवर धड लिहिलेलंच नव्हतं, आणि त्यापायी त्यांची स्वतःची एक्झिट चुकलेली होती. त्यांनी सरकारी नियमावली काढली, तोच रंग, तीच अक्षरं, तेच मोजमाप, परावर्तक बटणंसुद्धा तशीच, आणि "५" ची ढाल (रस्त्याच्या नंबरची ढालीच्या आकाराची खूण) आणि "नॉर्थ" हा शब्द घरी बनवला. ऑगस्ट २००१ मध्ये भर दिवसा, हेल्मेट आणि नारिंगी जॅकेट घालून, वर चढून तो पाटीवर बसवून आले. कित्येक महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आल्यावर रस्ते खात्याने तपासलं, सगळं नियमात बसत होतं, म्हणून राहू दिलं. २००९ मध्ये पाटी बदलली तेव्हा नवीन पाटीवर तीच माहिती खात्याने स्वतः घातली.

कोणी असं वर चढू नका, मी ते सुचवत नाहीये, खाली गाड्या असतात. पण एका ढालीची आणि एका शब्दाची किंमत काय असते ते यातून कळतं.

वेगळा विचार

ही गोष्ट अफाट आहे. माझं मत बऱ्यापैकी बदललं या धाग्यामुळे, प्रामाणिकपणे सांगतो.

रस्त्याची रेघ

पाट्यांवर सगळं बोलून झालं, खाली रस्त्यावर पण बघा की. दक्षिण कोरियात २०११ पासून फाट्याच्या आधी लेनच्या मधोमध रंगीत पट्टा रंगवायला सुरुवात केली, गुलाबी म्हणजे अमुक दिशा, हिरवा म्हणजे दुसरी. वर पाटीवरही त्याच रंगाचा बाण. एकदा गुलाबी पट्टा धरला की वर बघायची गरजच नाही, तो तुम्हाला फाट्यातून बाहेर नेऊन सोडतो. तिथे राहणाऱ्या मैत्रिणीबरोबर मी बसले होते, ती म्हणाली "मी गाव वाचतच नाही, गुलाबी बघते". नजर रस्त्यावरच राहते हा यातला सगळ्यात मोठा फायदा वाटला मला. पावसात आणि रात्री रंग किती दिसतो हा प्रश्न आहेच, पण रंग आणि ब्रश लागतो, पूल बांधावा लागत नाही.

चौथा गिअर

हे आवडलं. ड्रायव्हरचा खरा प्रश्न "कुठे" नसतोच, "कुठल्या लेनमध्ये" हा असतो. लांबगाडी यांनी तेच सांगितलं, जुन्या ड्रायव्हरला ते लेन विचारतात.

थोरली

मी स्वतः चालवत नाही. वय एकोणसत्तर, पण बावीस वर्षं यांच्या शेजारी बसून पाट्या वाचतेय म्हणून लिहायचं धाडस करते. भिंगरी, बाबांना रागावू नकोस गं. शेजारी बसणाऱ्यालाही तितकीच घाई वाटते.

आमचं सुरुवातीला असंच व्हायचं, मी म्हणायची "इथे, इथे वळा" आणि ते म्हणायचे "इथे म्हणजे कुठे". मग आम्ही ठरवून शब्द बदलले. "इथे" आणि "तिकडे" बंद. मी निघण्याआधी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेते, एक्झिटचा नंबर, कोणती बाजू, आणि आधीच्या एक्झिटचा नंबर. आधीची एक्झिट गेली की मी म्हणते "आता पुढची आपली, कडेची लेन घ्या". पाटीवर आपला नंबर दिसला की फक्त "दिसली" म्हणते. आणि फाटा जवळ आला आणि आपण अजून मधल्या लेनमध्ये असलो तर मीच आधी म्हणते "राहू दे, पुढची घेऊ". हे माझ्या तोंडून आलं की त्यांचा खांदा सैल पडतो, मला दिसतो पडलेला. चालवणाऱ्याला स्वतःहून सोडून देणं जड जातं, शेजारच्याने म्हटलं की सोपं होतं.

आणि दोन भाषांतली पाटी असेल तर आधी ठरवावं कोणती वाचायची. माझा भाचा सांगतो आयर्लंडमध्ये आयरिश नाव तिरक्या अक्षरात असतं आणि इंग्रजी सरळ कॅपिटल अक्षरात, त्यामुळे डोळा बरोबर आपल्या ओळीवर जातो. असं सगळीकडे असावं.

भिंगरी

थोरलीमावशी, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले "कागद मी लिहीन".

गाडीवाला बंड्या

थोरलीकाकू, "राहू दे, पुढची घेऊ" हे चार शब्द घरी सगळ्यांना पाठ करायला लावणार आहे.

भिंगरी

अपडेट. काल रविवारी सकाळी आम्ही मुद्दाम त्याच रस्त्याने गेलो, बाबा शेजारी, कागद त्यांच्या हातात, मॅप लावलेला, मी पहिल्यापासून कडेच्या लेनला, वेग ऐंशी. चौथा गिअर, तुमचं बरोबर होतं. दोन किलोमीटर आधीची पाटी आहे. कडेला खांबावर आहे, आणि आमच्या गावाचं नाव तिच्यावर आहे, दुसऱ्या ओळीत. पण झाडाची एक मोठी फांदी तिच्या डाव्या अर्ध्यावर आलीय, दिवसासुद्धा नावाची शेवटची दोनच अक्षरं दिसतात. रात्री तर पाटीला स्वतःचा उजेड नसतो, आपल्या हेडलाइटचा उजेड ती परत फेकते, आणि मधे पानं असतील तर उजेड तिथवर पोचायचाच नाही. वर पुन्हा धूळ. आम्ही दोघांनीही "नव्हतीच" म्हणून शपथेवर सांगितलं असतं.

एक्झिट आम्ही बरोबर घेतली. बाबा "दिसली" म्हणाले आणि गप्प बसले.

परत येताना पुढच्या एक्झिटवरून वळून पुन्हा त्या बाजूने गेलो आणि बाबांनी चालत्या गाडीतून तीन फोटो काढले, एक नीट आलाय. किलोमीटरच्या दगडाचा आकडाही लिहून घेतला. रात्रीच रस्त्याच्या देखभालीचं बघणाऱ्या कार्यालयाला तक्रार पाठवली, फोटो, आकडा, कुठल्या दिशेची लेन, सगळं घालून. पोच आलीय, एक क्रमांक मिळालाय.

लांबगाडी

ताई चांगलं काम केलं. दिशा लिहिली ते बरं केलं, नाहीतर माणूस येतो आणि पलीकडच्या बाजूची फांदी बघून जातो. पंधरा दिवसांत कोणी आलं नाही तर तोच क्रमांक घालून परत पाठवा. दगडाचा आकडा मला व्यक्तिगत निरोपात टाका, माझी त्या बाजूने फेरी झाली तर मी पण बघून सांगतो.

भिंगरी

टाकते दादा. फांदी तुटली की इथेच लिहीन.